एकविसाव्या दिवसाचं काय?

शाळकरी मुलांची ऱ्हुमॅटिक हृदयरोगासाठी सरसकट तपासणी करावी का, हा विषय निघाला की दोन बाजू लगेच समोरासमोर येतात. एक बाजू म्हणते, आता ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणारं, खिशात मावणारं इको यंत्र आलंय, ते प्रत्येक शाळेत न्या, एकही मूल सुटायला नको. दुसरी म्हणते, हा गरिबीचा रोग आहे, घरं सुधारली की जाईल. तोवर धडधाकट मुलांना हृदयरोगी ठरवून काय मिळवणार? दोन्हीकडचे लोक तळमळीचे आहेत, पण भांडण चाललंय ते यंत्रावरून. हा रोग हृदयाची झडप खराब करतो, आणि यंत्राने कुणाची झडप वाचत नाही. झडप वाचते ती दर एकवीस दिवसांनी कमरेत घेतलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने, आणि ते इंजेक्शन कोण, कुठे आणि किती वर्षं देणार याबद्दल या वादात कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ही तपासणी व्हावी, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची व्हावी आणि इकोनेच व्हावी. पण ज्या तालुक्यात इंजेक्शनाची साखळी आणि नोंदवही आधी उभी राहिली आहे, त्याच तालुक्यात.

हा आजार कसा चालतो ते नीट पाहिलं तर हा आग्रह का, ते कळेल. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा सुजतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत मूल बरं होऊन शाळेत जाऊ लागतं. बहुतेकांचं प्रकरण तिथेच मिटतं. काहींच्या बाबतीत मात्र जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज हृदयाच्या झडपेवरच उलटते, कारण जंतूच्या अंगावरची प्रथिनं आणि झडपेतली प्रथिनं तिला सारखीच दिसतात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, परवा घोटा. हाच ऱ्हुमॅटिक ताप. घरचे म्हणतात, खेळताना मुरगळला असेल. सांध्याची सूज मागे काही न ठेवता जाते. झडपेवरचा व्रण राहतो, आणि पुढच्या प्रत्येक घशाच्या दुखण्याने त्यावर नवी भर पडते. हा रोग मुलींत जास्त दिसतो. अशी एखादी मुलगी दहावी होते, लग्न होतं, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दिवस जातात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. जी डावी झडप उघडल्यावर 4 ते 6 चौरस सेंटिमीटर व्हायला हवी, ती चिकटून दीडच्याही आत आलेली असते. वाढलेलं रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसात पाणी भरतं, उताणं झोपता येत नाही. आई-सासू म्हणतात, बाळंतपण जवळ आलं की धाप लागतेच. आजाराचं नाव कळतं ते प्रसूतीच्या टेबलावर. दहा वर्षांपूर्वी हीच मुलगी रोज पाच तास वर्गात बसलेली होती, नाव-पत्त्यासह, हजेरीपटावर. शाळेत तपासणी करण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, तपासणी तर होतेच. खरं आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऱ्हुमॅटिक हृदयरोग यादीत आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, वजन-उंचीपासून दातांपर्यंत सगळं बघतं. पण दिवसाला शंभर मुलं धरली, तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं येतात. शेजारच्या वर्गात पाढे चाललेले, पत्र्यावर पावसाचा मारा, आणि स्टेथोस्कोपने ऐकायची ती झडपेतून मागे फिरणाऱ्या रक्ताची हलकी फुसफुस. सुरुवातीच्या आजारात तर ती ऐकूच येत नाही, कान कितीही तयार असोत. उलट पुष्कळ निरोगी मुलांच्या छातीत निरुपद्रवी आवाज असतो, आणि ती मात्र पुढे पाठवली जातात. 2007 साली कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे स्टेथोस्कोपने हजारी दोन-सव्वादोन मुलं सापडली. त्याच मुलांचा इको केल्यावर कंबोडियात हजारी 21 आणि मोझांबिकमध्ये 30. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगढच्या शाळांत हेच प्रमाण स्टेथोस्कोपने हजारी 0.8 आणि इकोने 20.4 निघालं. तेव्हा पथकाने कानाने तपासून ‘दोष नाही’ असा शेरा मारला, तर त्या शेऱ्यावर घरच्यांनी किती विसंबायचं?

इथे विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. इकोवर दिसतं ते सगळं रोग नसतं. निरोगी झडपेतूनही थोडं रक्त मागे येतं. म्हणून 2012 मध्ये जागतिक निकष ठरले: मागे येणारा झोत किमान 2 सेंटिमीटर लांब हवा, दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसायला हवा, त्याचा वेग सेकंदाला 3 मीटर तरी हवा आणि तो हृदयाच्या आकुंचनाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकायला हवा. शिवाय झडपेचं पान 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड झालंय का, टोक अडकल्यासारखं हलतंय का, हेही पाहायचं. खिशातली बहुतेक यंत्रं झोत रंगात दाखवतात, त्याचा वेग मोजत नाहीत. म्हणजे शाळेत होते ती फक्त चाळणी. निदान मोठ्या यंत्रावरच व्हायला हवं. 2023 मध्ये सुधारलेल्या निकषांनी तर ही दोन पायऱ्यांची रीत मांडूनच दिली आणि आजाराचे चार टप्पे पाडले, अगदी हलका टप्पा वेगळा काढला. शोधलं म्हणजे वाचवलं असं होत नाही, याचा धडा जपानने दिला आहे. तिथे 1980च्या दशकात तान्ह्या मुलांच्या लघवीवरून न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाची देशभर तपासणी सुरू झाली. भरपूर रुग्ण सापडले. पण सापडलेल्यांपैकी पुष्कळांचा गाठीचा आजार आपोआप विरून जाणारा होता, आणि ज्या आक्रमक प्रकाराने मुलं दगावतात तो या चाळणीत फारसा सापडत नव्हता. 2003 मध्ये ती तपासणी थांबवावी लागली. आपणही तीच चूक करणार का, हा प्रश्न रास्तच होता.

रास्त होता, असं भूतकाळात लिहितो, कारण त्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालं आहे. उत्तर युगांडात 1,02,200 मुलांचा इको केला गेला. पहिल्या चाळणीत 3,327 मुलं संशयित निघाली, फेरतपासणीनंतर 926 जणांचं निदान पक्कं झालं. त्यातल्या 818 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन, म्हणजे हेच इंजेक्शन, दुसऱ्याला काही नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी 33 जणांचा, म्हणजे 8.2 टक्क्यांचा आजार वाढला होता. घेतलेल्यांत 3 जणांचा, 0.8 टक्के. 2021च्या शेवटी हा निकाल आला. सुप्तावस्थेत सापडलेल्या आजारावर उपचार केल्याने फरक पडतो, हे पहिल्यांदाच अशा काटेकोर चाचणीत दिसलं. न्यूरोब्लास्टोमाच्या तपासणीत नेमकं हेच दिसलं नव्हतं. अभ्यास दोनच वर्षांचा आहे, इंजेक्शन किती वर्षं चालू ठेवायचं हे त्यातून कळत नाही, हा आक्षेप मात्र शिल्लक राहतो, आणि म्हणूनच दोन वर्षांनी प्रत्येक मुलाचा पुन्हा इको हा कार्यक्रमाचाच भाग धरायला हवा.

हे आकडे आपल्या तालुक्यावर बसवून बघू. तेच प्रमाण इथे निघेल असं नाही, पण तयारी केवढी लागेल ते कळतं. समजा शाहूवाडी किंवा शिरोळमध्ये 10 हजार मुलं तपासली. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर एक पथक दिवसाला 60 मुलं करील, म्हणजे 167 दिवस. शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष. चाळणीत सुमारे 325 मुलं अडकतील, फेरतपासणीत 90 उरतील. म्हणजे 235 घरांना काही दिवस विनाकारण घोर लागणार. त्या 90 जणांना काहीच दिलं नाही तर दोन वर्षांत सातेक मुलांच्या झडपा आणखी बिघडतील. इंजेक्शन दिलं तर एखाद्याची. आणि दर एकवीस दिवसांनी द्यायचं तर मुलामागे वर्षाला 17 इंजेक्शनं, 90 मुलांची 1,530. इको एकदाच. इंजेक्शनं पंधराशे, तीही फक्त पहिल्या वर्षाची. आता सांगा, या कार्यक्रमाचं नाव ‘इको तपासणी’ असायला हवं का? पहिली तपासणी करून फोटो काढून परत फिरणारं शिबिर या मुलांना काय देतं? फक्त धास्ती. सापडलेल्या मुलाला इंजेक्शन मिळणार नसेल तर त्याला शोधणं हा अन्याय आहे, आणि या एका बाबतीत मी तपासणीच्या विरोधकांच्याच बाजूने उभा आहे.

म्हणून इंजेक्शनाविषयी जरा सविस्तर. वजनाने 27 किलोच्या वरच्या मुलाला 12 लाख युनिट, खालच्याला 6 लाख. औषध पावडर स्वरूपात येतं, पाणी घालून जोरात हलवावं लागतं, दाट पांढरं मिश्रण तयार होतं आणि भरून ठेवलं तर खाली बसतं. बारीक सुई लावली की मध्येच अडकतं. मग सुई बदलून मुलाला दुसऱ्यांदा टोचायचं, आणि पुढच्या वेळी ते मूल केंद्राच्या पायरीवरूनच मागे फिरतं. 21 नंबरची सुई घ्यावी. बाटली आधी हाताच्या मुठीत धरून खोलीच्या तापमानाला आणावी. टोचायच्या जागी अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाबावं. औषध भरल्याबरोबर खोल स्नायूत, पण दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश सोडावं. पाण्याऐवजी बधिर करणारं थोडं लिग्नोकेन वापरलं तर दुखणं बरंच कमी होतं. शिरेत ते चुकूनही जाता कामा नये. हे सगळं एका आरोग्यसेविकेला एका सकाळी शिकवता येतं. नीट शिकवलं नाही तर काय होतं? दुखतं, म्हणून मूल चुकवतं. चुकवतं, म्हणून रक्तातलं औषध तिसऱ्या आठवड्यानंतर संरक्षणाच्या पातळीखाली जातं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात वर्गात कुणाचा तरी घसा आलेला असतो. ठरलेल्यांपैकी किमान 80 टक्के इंजेक्शनं वेळेवर झाली पाहिजेत असा दंडक आहे. म्हणजे वर्षाच्या 17 पैकी तीनच चुकलेली चालतील.

दुसरी अडचण भीतीची, आणि ती मुलांपेक्षा डॉक्टरांत जास्त. पेनिसिलिनची रिॲक्शन येऊन मूल दगावलं तर? गावातला खाजगी डॉक्टर चिठ्ठी असूनही ‘सरकारीत जा’ म्हणतो ते याच धाकाने. या धाकाला हसण्यासारखं काही नाही. पण मोजमाप झालेलं आहे: 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अकरा देशांच्या पाहणीत 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 इंजेक्शनांमागे तीव्र रिॲक्शन 4 जणांना आली, मृत्यू 1 झाला, आणि ती मुलगी गंभीर हृदयरोगाची होती. 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही हाच मुद्दा पुढे आणला: ज्यांच्या झडपा खूपच खराब आहेत त्यांचे इंजेक्शनानंतरचे मृत्यू ॲलर्जीपेक्षा दुखण्याच्या धक्क्याने हृदय कोलमडून होत असावेत, तेव्हा अशांना गोळ्या द्याव्यात. शाळेत सापडणारी मुलं त्या अवस्थेत नसतात. त्यांना उपाशीपोटी टोचू नये, झोपवून टोचावं, अर्धा तास बाकावर बसवून ठेवावं, आणि ट्रेमध्ये रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रेनॅलिन, भरायला तयार असावं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. कपाटात कुलूपबंद असलेलं ॲड्रेनॅलिन नसल्यातच जमा.

‘आधी घरं सुधारा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दाही पोकळ नाही. युरोपात हा आजार पेनिसिलिन येण्याच्या आधीच ओसरू लागला होता, कारण एका खोलीत झोपणाऱ्यांची संख्या कमी झाली. गगनबावड्याच्या पावसात चार महिने दारं लावून एका चुलीभोवती राहणारं कुटुंब, इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे सहा-सात जण, यांच्या घरात जंतू एका घशातून दुसऱ्यात सहज जातो. घरं मिळायलाच हवीत. पण आज सहावीत असलेल्या मुलीने त्यासाठी थांबायचं का? क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतात 1986 ते 1996 या दहा वर्षांत रुग्णांची नोंद, नियमित इंजेक्शनं आणि घशाच्या दुखण्याबद्दल लोकशिक्षण एवढ्यावर भर दिला गेला. शाळकरी मुलांतलं ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचं प्रमाण हजारी 2.27 वरून 0.24 वर आलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाची जी हलाखी झाली, तीही याच दहा वर्षांतली. ‘घसा दुखतानाच पेनिसिलिन द्या’ हाही सल्ला बरोबर आहे. अमेरिकेत सैनिकांवर 1950च्या सुमारास झालेल्या चाचण्यांतून तो आला आणि दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध दिलं तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो. पण ऱ्हुमॅटिक ताप आलेल्या पुष्कळ मुलांना आधी घसा दुखल्याचं आठवतच नाही. जे दुखणं घरी कळलंच नाही त्यासाठी दवाखान्यात कोण जाणार?

शिक्क्याची भीती मला सगळ्यात जास्त खरी वाटते. ‘हिच्या काळजात दोष आहे’ एवढं गावात पसरलं की मुलीच्या स्थळांवर परिणाम होतो, आणि तालमीत जाणाऱ्या पोराचा लंगोट त्याच दिवशी खुंटीला लागतो. कोल्हापुरात ही लहान गोष्ट नाही. म्हणून चाळणीतला निकाल वर्गात पुकारायचा नाही, शिक्षकांच्या हातीही यादी द्यायची नाही. पालकांना बोलावून ‘अजून निदान झालेलं नाही, फेरतपासणी पंधरा दिवसांच्या आत आहे’ असं तारखेसह सांगायचं. सुरुवातीच्या हलक्या आजारात खेळ, कुस्ती, पळणं काहीही बंद करायची गरज नसते, हे कार्डावर ठळक छापायचं. मुलींच्या तपासणीला पडदा, परिचारिका आणि सोबत एक मैत्रीण. युगांडा, फिजी, ब्राझील इथे परिचारिका आणि तंत्रज्ञांनीच ही चाळणी केली आहे, तेव्हा डॉक्टर मिळत नाहीत ही सबब टिकत नाही.

एक अडचण मात्र परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. हृदयाचं इको यंत्र आणि पोटाची सोनोग्राफी एकाच जातीची. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा दोन्हींना लागू होतो आणि फिरतं यंत्र कुठे न्यायचं यावर कडक बंधनं आहेत. ती बंधनं शिथिल करा, असं मी कोल्हापुरात बसून तरी म्हणणार नाही. 2001च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 839 मुली होत्या. त्यातूनच तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने प्रत्येक सोनोग्राफी यंत्रावर नजर ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ इथे बसवला गेला. ज्या जिल्ह्याने यंत्रांची इतकी बारीक नोंद ठेवून दाखवली, त्याला दोन-चार इको यंत्रांच्या रोजच्या मुक्कामाची नोंद ठेवणं अवघड नाही. यंत्रं वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावावर, फिरत्या वैद्यकीय पथकात, आगाऊ परवानगीने, रोज संध्याकाळी परत जमा. हे आधी केलं नाही तर चौथ्या शाळेतच यंत्र सील होईल.

या मातीतला नोंदीचा त्याहून जुना दाखला शाहू महाराजांचा. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या रुपयाची गोष्ट सगळे सांगतात. पण दंड करायचा तर आज कोण आलं नाही हे आधी कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. हजेरीपट नसता तर तो जाहीरनामा कागदावरच राहिला असता. आपल्याला हवी आहे ती तशीच हजेरी, दंडाशिवाय: उपकेंद्रावर एक वही, प्रत्येक मुलाच्या नावापुढे पुढच्या इंजेक्शनाची तारीख, आणि ती तारीख उलटून तिसऱ्या दिवशी आशाताई घरी. 1959 साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की क्षयाचा गरीब रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरीब माणूस उपचार नीट घेत नाही हे तोवर गृहीतच धरलेलं होतं. ऱ्हुमॅटिकच्या मुलांबद्दल आजही तेच ऐकू येतं. त्यांच्या आईला इंजेक्शनासाठी दर वेळी पन्नास किलोमीटरवरून थोरल्या दवाखान्यात यावं लागत असेल, एका दिवसाचा रोज बुडत असेल, तर चुकवेगिरी कुणाची?

पैशाचा प्रश्न उरतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च शासन उचलतं, आणि उचललाच पाहिजे. पण कृत्रिम धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवायची गोळी आणि रक्ताची तपासणी जन्मभराची, आणि ती मुलगी गरोदर राहिली तर तीच गोळी पोटातल्या बाळाला घातक. शेवटच्या टप्प्यावर एवढं खर्च करायला तयार असलेल्या व्यवस्थेने पहिल्या टप्प्यावरचं स्वस्त औषध तालुक्याला अखंड पुरवायला काय हरकत आहे? हे औषध कमी नफ्याचं म्हणून थोडेच कारखाने बनवतात आणि जगभर त्याची टंचाई येते. तेव्हा सहा महिन्यांचा साठा हाती आल्याशिवाय एकाही मुलाच्या छातीला यंत्र लावू नये.

आणि हजेरी कुठवर पोचली पाहिजे, तर उसाच्या फडापर्यंत. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर खोप्या पडतात, मुलं साखरशाळेत जातात किंवा धाकट्या भावाला सांभाळत पाचटावर बसतात. आपल्या शाळांच्या पटावर ती नसतात, म्हणून तपासणीतही नसतील. आणि दाटीने राहणं, थंडी, घशाचं दुखणं सगळ्यात जास्त त्यांच्याच वाट्याला. त्यांची चाळणी नोव्हेंबरात, टोळी आल्या-आल्या झाली तर फेरतपासणी आणि पाच-सहा इंजेक्शनं गाळप संपायच्या आत होतात. मार्चमध्ये टोळी गाडीत चढताना मुलाच्या आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ड हवं: मुलाचं वजन, औषधाची मात्रा, शेवटच्या इंजेक्शनाची तारीख, पुढची तारीख, आणि तिच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव, जिथे आदल्या दिवशी इथून फोन गेलेला आहे.